‘सनशाइन’ : सूर्यापासून सुऱ्यापर्यंत

नागपुरात नवतपा सुरू असताना, पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना आणि कूलरच्या नव्या खसाच्या ताट्याही संध्याकाळपर्यंत गरम वारा फेकू लागलेल्या असताना, सूर्य विझत चालल्याची कथा पाहायला बसणे हा थोडा विचित्रच योग होता. सूर्याचे तेज कमी झाल्यामुळे पृथ्वी गोठू लागली आहे, एवढे कथासूत्र मी सांगताच आमच्यापैकी एकाने ‘‘मग त्यात वाईट काय झाले?’’ असे विचारले आणि खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्या बाजूने कौल दिला. पुढे सव्वा तासाने मात्र त्याच खोलीत कोणी कूलरजवळची जागा मिळावी म्हणून धडपडत नव्हते. भिंतीवरच्या सूर्याकडे सगळे एकटक पाहत होते, आणि ‘सनशाइन’ या चित्रपटाचे सामर्थ्य जर कुठे असेल तर ते या एकटक पाहण्यात आहे.

डॅनी बॉईल यांनी दिग्दर्शित केलेला आणि ॲलेक्स गारलँड यांनी लिहिलेला हा १०७ मिनिटांचा इंग्रजी चित्रपट २००७ मध्ये प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी बॉईल यांनी मुंबईच्या झोपडपट्टीवर चित्रपट केला, त्याला आठ ऑस्कर मिळाले आणि हा आधीचा चित्रपट बराचसा विस्मरणात गेला. तिकीटबारीवरही त्याला आपला निर्मितिखर्च वसूल करता आला नव्हता. आज त्यातले कलावंत पाहिले की आश्चर्य वाटते. किलियन मर्फी, मिशेल यो, ख्रिस इव्हान्स, हिरोयुकी सानादा, रोझ बर्न, बेनेडिक्ट वाँग, क्लिफ कर्टिस आणि मार्क स्ट्राँग हे सगळे एकाच चित्रपटात आहेत, आणि त्यांपैकी कोणालाही नायक म्हणून पुढे काढलेले नाही. मर्फी यात बॉम्ब घडवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाची भूमिका करतात. सतरा वर्षांनी बॉम्ब घडवणाऱ्या दुसऱ्या, खऱ्याखुऱ्या भौतिकशास्त्रज्ञाच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळावे, हा योगायोग चित्रपट पाहताना सारखा आठवत राहतो.

शेवटाविषयी बोलल्याशिवाय या चित्रपटाचे परीक्षण करता येत नाही. त्यामुळे ज्यांना कथा आधी कळलेली चालत नाही, त्यांनी चित्रपट पाहून मगच पुढे वाचावे.

कथा २०५७ मधली आहे. विझू लागलेल्या सूर्यात मॅनहॅटन बेटाइतक्या वस्तुमानाचा बॉम्ब टाकून तो पुन्हा चेतवायचा, यासाठी आठ जणांना घेऊन ‘इकॅरस-२’ हे यान निघाले आहे. याच कामासाठी सात वर्षांपूर्वी गेलेले ‘इकॅरस-१’ परत आले नाही आणि त्याचे काय झाले हेही कोणाला कळले नाही. बुध ग्रहाजवळ पोहोचल्यावर हरवलेल्या यानाचा संदेश ऐकू येतो, आणि ठरलेला मार्ग सोडून तिकडे जायचे की नाही या एका प्रश्नातून पुढची सगळी संकटे एकामागून एक निघतात.

इकॅरस हे नाव ग्रीक पुराणातल्या त्या मुलाचे आहे, जो मेणाने जोडलेले पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेला आणि पंख वितळून पडला. सूर्याकडे जाणाऱ्या यानाला हे नाव देणाऱ्यांच्या शकुनज्ञानाबद्दल शंका घ्यावी असेच ते आहे. पण चित्रपट पाहताना मला तो इकॅरस आठवला नाही, रामायणातला संपाती आठवला. सूर्याकडे झेपावलेला धाकटा भाऊ जटायू होरपळू लागला, तेव्हा संपातीने त्याच्यावर आपले पंख पसरले. जटायू वाचला आणि संपातीचे पंख जळून गेले. या यानाच्या पुढच्या टोकाला असलेली, सोनेरी तावदानांची, सतत सूर्याकडे तोंड करून राहणारी ती अजस्र ढाल नेमके हेच काम करते. ढालीच्या सावलीत यान आणि माणसे आहेत. सावलीबाहेर हात जरी गेला तरी तो जळून जाईल. चित्रपटातले जे जे प्रसंग मनात रुततात, ते सगळे कोणी ना कोणी त्या सावलीच्या रेषेपलीकडे गेल्याचे आहेत.

या चित्रपटाची दृश्यरचना किती विचाराने केली आहे, हे आमच्या लक्षात आले ते भिंतीमुळे. आम्ही भाड्याने आणलेल्या प्रोजेक्टरचा झोत दिवाणखान्याच्या भिंतीवर टाकत होतो आणि आमची भिंत फिकट पिवळी आहे. पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी चुकते आहे असे जाणवले, म्हणून चित्रपट थांबवून पांढरी चादर टांगली. बॉईल यांनी यानाच्या आतल्या भागात पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग जाणूनबुजून वापरलेले नाहीत. भिंती, कपडे, यंत्रे, दिवे सगळे राखाडी, निळे किंवा हिरवट आहे. प्रेक्षकाच्या डोळ्यांना त्या उबदार रंगांची भूक लागू द्यायची आणि मग निरीक्षण कक्षाची झडप उघडून एकदम सोन्याचा लोट अंगावर सोडायचा, अशी ही योजना आहे. आमच्या पिवळ्या भिंतीने ही भूकच मारून टाकली होती. चादर लावल्यावर तोच सूर्य जेव्हा पुन्हा उगवला, तेव्हा दोघांनी खरोखरच डोळ्यांपुढे हात धरला. ॲल्विन क्यूखलर यांच्या छायाचित्रणाला याहून मोठी पावती मला देता येणार नाही.

यानावरचे डॉक्टर सर्ल या निरीक्षण कक्षात तासन् तास बसतात. त्यांना सूर्य अधिक उजळ पाहायचा असतो. यानाचा संगणक त्यांना सांगतो की, आता जे दिसते आहे ते सूर्याच्या पूर्ण तेजाच्या २ टक्के आहे, ४ टक्क्यांनी दृष्टिपटल कायमचे निकामी होईल, मात्र ३.१ टक्के तेज तीस सेकंदांपर्यंत पाहता येईल. या एवढ्याशा आकडेवारीत चित्रपटाचा सगळा आशय आला आहे. सूर्य हवाहवासा आहे आणि तो मारक आहे. माणूस दशांशाच्या हिशोबाने त्याच्या जवळ जात राहतो. पुढे येणारे कोणतेही संवाद हे इतक्या कमी शब्दांत सांगू शकलेले नाहीत. सर्ल यांच्या नाकावरची आणि गालांवरची कातडी दृश्यागणिक अधिकाधिक सोललेली दिसते, हेही कोणी बोलून दाखवत नाही.

बुधाचे दृश्य मात्र याहूनही साधे आणि याहूनही सुंदर आहे. सगळे सहप्रवासी निरीक्षण कक्षात येऊन बसतात आणि सूर्याच्या धगधगत्या बिंबावरून एक लहानसा काळा ठिपका सरकत जातो. कोणी काही करत नाही आणि कथाही पुढे सरकत नाही. ९ मे २०१६ रोजी झालेले बुधाचे अधिक्रमण मी नागपुरातूनच, दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर पाडलेल्या प्रतिमेत पाहिले होते. तो ठिपका पेन्सिलीच्या टोकाएवढा होता आणि गच्चीवर जमलेली दहा-बारा माणसे तो पाहताना अशीच गप्प झाली होती. बॉईल यांनी हा मौनाचा क्षण बरोबर पकडला आहे.

सोनेरी अंतराळपोशाखांविषयीही लिहायला हवे. त्या पोशाखांच्या शिरस्त्राणाला समोर मोठी काच नाही, फक्त एक अरुंद आडवी फट आहे, जेणेकरून कमीत कमी प्रकाश आत यावा. माझी भाची ते पाहताच म्हणाली, ‘‘मामा, हे तर आपल्या इथल्या स्कूटीवाल्या मुली.’’ मे महिन्यात वर्धा रोडवरून भर दुपारी जाणाऱ्या, दुपट्ट्याने तोंड-डोके गुंडाळून फक्त डोळ्यांपुरती फट ठेवणाऱ्या मुली ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. दिग्दर्शकाने त्या फटीचा नाट्यासाठी फार चांगला उपयोग केला आहे. कॅमेरा शिरस्त्राणाच्या आत नेऊन तो माणसाचा घाम, धाप आणि भेदरलेले डोळे इतक्या जवळून दाखवतो की, बाहेर अमर्याद अवकाश असूनही आपला जीव कोंडतो.

त्या पोशाखात कप्तान कनेडा यांचा मृत्यू होतो. मार्ग बदलताना दिशादर्शक ट्रे याच्याकडून ढालीचा कोन जुळवून घ्यायचे राहते, काही तावदाने निकामी होतात आणि ती दुरुस्त करण्यासाठी कनेडा आणि मर्फी यांचा भौतिकशास्त्रज्ञ कापा बाहेर पडतात. ढाल पुन्हा वळू लागते, उन्हाची रेषा पुढे सरकू लागते, कापा सावलीत परततो आणि कनेडा शेवटचे तावदान मिटवत मागे राहतात. ध्वनिक्षेपकावरून सर्ल त्यांना पुनःपुन्हा एकच गोष्ट विचारतात, की तुम्हाला काय दिसते आहे. मरणाऱ्या मित्राला हा प्रश्न विचारणे क्रूर आहे, पण सर्ल यांच्या वेडाला तो शोभतो. जॉन मर्फी यांचे येथील पार्श्वसंगीत पुढे इतर चित्रपटांत आणि जाहिरातींत इतके वापरले गेले की, अनेकांना ते ओळखीचे वाटेल. त्याचे खरे घर हे दृश्य आहे.

आमच्यात भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी विज्ञानाचा समाचार घेतला, तोही प्रेमाने. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो. त्याच्या पोटात बॉम्ब टाकून त्याला चेतवणे म्हणजे, सरांच्या शब्दांत, ‘‘फुटाळा तलावात चमचाभर साखर टाकून पाणी गोड करायला निघणे’’. चित्रपटाचे विज्ञान सल्लागार ब्रायन कॉक्स यांनी त्यासाठी एक सबब तयार केली होती. विश्वाच्या आरंभापासून उरलेला ‘क्यू-बॉल’ नावाचा एक काल्पनिक कण सूर्यात अडकून त्याला आतून पोखरतो आहे, असे त्यांनी मानले होते. चित्रपटात हे सांगितलेलेच नाही, आणि न सांगितल्याने काही बिघडले असेही वाटत नाही. यानात पृथ्वीसारखे गुरुत्व कुठून आले, हेही कोणी विचारू नये. निर्वातात सापडलेला माणूस क्षणात गोठून काचेसारखा फुटतो, हे मात्र सरांना खटकले, कारण निर्वात थर्मासचेच काम करतो आणि त्यात उष्णता फार सावकाश जाते.

ढालीची कल्पना मात्र त्यांनी मान्य केली. नासाचे पार्कर यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेले, तेही अशाच ढालीआड. साडेअकरा सेंटीमीटरही जाड नसलेल्या त्या ढालीमागची उपकरणे ३० अंशांच्या आसपास राहतात. ‘‘म्हणजे आपल्या या खोलीपेक्षा गार,’’ असे सर म्हणाले. आपले आदित्य एल-१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उभे आहे, म्हणजे सूर्याच्या वाटेवर जेमतेम एक टक्का अंतरावर. या आकड्यांच्या शेजारी चित्रपटातल्या आठ माणसांना ठेवले की, त्यांच्या एकटेपणाची कल्पना येते.

मधला भाग पटकथेच्या दृष्टीने सर्वांत घट्ट विणलेला आहे. मार्ग बदलायचा की नाही, यावर मतदान घ्यायला सर्ल नकार देतात. ज्याला त्यातले सर्वाधिक कळते त्यानेच निर्णय घ्यावा, असे त्यांचे म्हणणे पडते आणि ते ओझे कापाच्या खांद्यावर येते. कापाचा तर्क निर्दोष आहे, दोन बॉम्ब म्हणजे दोन संधी, आणि या निर्दोष तर्कातूनच सगळ्यांचा नाश होतो. प्राणवायू पुरवणारी बाग जळते. मिशेल यो यांची कोराझोन त्या राखेकडे ज्या नजरेने पाहते, ती शेतात उभे पीक जळालेले पाहणाऱ्या माणसाची नजर आहे. ‘इकॅरस-१’ सापडते, पण त्यात धूळ आहे आणि निरीक्षण कक्षात सूर्याकडे तोंड करून बसलेले जळालेले देह आहेत. शेवटी हिशोब असा उरतो की, प्राणवायू चौघांपुरता आहे आणि माणसे पाच आहेत. ज्याच्या चुकीपासून सगळे सुरू झाले, त्या ट्रेला मारायचे का, असा प्रश्न विचारला जातो. तिघे होकार देतात. रोझ बर्न यांची कॅसी नकार देते, आणि आपल्या नकाराने काहीही थांबणार नाही हे तिला पक्के ठाऊक असते.

ट्रेने स्वतःच आयुष्य संपवल्याचे उघड झाले आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे वीज गेली. उन्हाळ्यात हे नित्याचेच असल्यामुळे आम्ही सगळे गच्चीवर गेलो आणि चाळीस मिनिटे, पन्हे पीत, पुढे काय होईल यावर वाद घालत बसलो. सरांचे म्हणणे असे की, हिशोब पुन्हा चुकणार. प्राणवायू चौघांनाही पुरणार नाही, तिघांनाही पुरणार नाही आणि प्रत्येक जण दुसऱ्यासाठी आपला वाटा सोडत जाईल. भाचीला वाटत होते की, ख्रिस इव्हान्स यांचा मेस आणि कापा यांच्यातले भांडण मिटायला हवे. एकाचेही भाकीत खरे ठरले नाही, आणि खरे ठरले असते तर चित्रपट अधिक चांगला झाला असता, असे माझे ठाम मत आहे. फार उशीर झाल्यामुळे सर तिथूनच घरी गेले.

वीज आल्यावर जे पाहिले तो दुसराच चित्रपट होता. संगणक कापाला सांगतो की यानावर चार नव्हे, पाच माणसे आहेत. हा क्षण अंगावर काटा आणतो हे मान्य करायला हवे. पण त्याचे पुढे काय केले? पाचवा माणूस म्हणजे ‘इकॅरस-१’चा कप्तान पिनबॅकर. सात वर्षे एकटा राहून, सर्वांगाने भाजून, ईश्वराशी आपले बोलणे झाले आहे अशा समजुतीने तो एकेकाला सुऱ्याने भोसकत फिरतो. इतका वेळ ज्याच्याकडे पाहताना जीभ टाळ्याला चिकटत होती तो सूर्य बाजूला पडतो आणि अंधाऱ्या बोळातून दबा धरून येणारा एक खुनी पुढे येतो. सूर्याचा सुरा झाला.

दिग्दर्शकाचा हेतू कळत नाही असे नाही. सर्ल यांना लागलेल्या सूर्याच्या वेडाचे शेवटचे टोक त्यांना माणसाच्या रूपात दाखवायचे होते. पिनबॅकर कधीही स्पष्ट दिसत नाही, त्याची प्रतिमा फाटलेली, थरथरणारी, तिरिपीने विस्कटलेली असते, आणि हाही डोळ्यांना सहन न होणाऱ्या तेजाचाच एक आविष्कार आहे असे म्हणता येईल. पण हा हेतू कागदावर जितका पटतो तितका पडद्यावर पटत नाही. कॅमेरा इतका हेलकावतो की कोण कुठे आहे, कोणाला लागले, कोणते दार बंद झाले, हे समजण्यातच लक्ष खर्च होते. पहिल्या सव्वा तासात ढालीची रेषा, सावलीचा कोन, यानाची लांबी यांतले इंचन् इंच स्पष्ट ठेवणारा दिग्दर्शक इथे भूगोलच पुसून टाकतो. शिवाय ज्या प्रश्नाने आपल्याला अस्वस्थ केले होते, म्हणजे कोट्यवधी माणसांसाठी एका निरपराध नाही पण असहाय माणसाला मारावे का, तो प्रश्न एक दुष्ट माणूस मिळताच कोणालाच सोडवावा लागत नाही. पटकथेने स्वतःच मांडलेल्या अवघड गणितातून अशी पळवाट काढलेली पाहून राग येतो.

तरीही हा शेवट सरसकट वाईट नाही, आणि परीक्षण लिहिताना अडचण होते ती इथेच. या गोंधळाच्या मध्येच मेसचा मृत्यू येतो. संगणक पुन्हा चालू व्हावा म्हणून तो गोठवणाऱ्या शीतक द्रवात उतरतो, एकदा बाहेर येतो आणि पुन्हा उतरतो. आगीच्या चित्रपटात थंडीने आलेला हा मृत्यू ख्रिस इव्हान्स यांनी कसलाही आव न आणता केला आहे, आणि त्यांच्या नंतरच्या सगळ्या अतिमानवी पराक्रमांपेक्षा मला तो मोठा वाटतो. त्यानंतर बॉम्बच्या आतले दृश्य येते. प्रचंड घनाकृती पोकळीत पडणाऱ्या ठिणग्या, स्फोट आणि सूर्य यांच्या मध्ये क्षणभर थबकलेला काळ, आणि अगदी समोर येऊन उभी राहिलेली आगीची भिंत. कापा तिच्याकडे हात पुढे करतो, घाबरून नव्हे, देवळाच्या गाभाऱ्यात निरांजनावर हात धरावा तसा. शेवटची दोन मिनिटे पृथ्वीवरची आहेत. सिडनीत बर्फ पसरले आहे, मागे तिथले प्रसिद्ध ऑपेरा हाउस दिसते, कापाची बहीण भावाचा शेवटचा संदेश पाहते आहे, आणि त्या राखाडी प्रकाशात किंचितसा उजेड वाढतो. ते किंचितपणच मोलाचे आहे.

पाहायचाच असेल तर दुपारच्या उजेडात किंवा भ्रमणध्वनीवर पाहू नये. अंधारी खोली, पांढरा पडदा आणि बरा ध्वनी एवढी सोय करावीच. जळालेले देह आणि रक्तपात असल्यामुळे लहान मुलांना सोबत घेऊ नये. आमची भाची महाविद्यालयात आहे, तरी शेवटच्या अर्ध्या तासात तीही उशीच्या आडून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. त्यांना शेवट ऐकायचा होता. मी त्यांना प्राणवायू संपत गेल्याचे सांगितले, संगणक बंद पडल्याचे, मेस थंडीत गेल्याचे, कापा बॉम्बमध्ये पोहोचल्याचे आणि सिडनीतल्या बर्फाचे सांगितले. पिनबॅकरचे नाव मी घेतले नाही. सरांना कथेत कुठेही काही राहून गेल्यासारखे वाटले नाही. त्यांनी एवढेच विचारले की, स्फोटानंतर पृथ्वीवर उजेड वाढायला सव्वाआठ मिनिटे लागली, हे तरी त्या लोकांनी बरोबर दाखवले का. कापाने बहिणीला पाठवलेल्या संदेशात आठ मिनिटे सांगितली आहेत, असे मी म्हणालो. ‘‘चालेल,’’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.